चमेलीचे भुंडे हात

१२ जानेवारी १९३७, मंगळवार

हिरालालच्या पानठेल्यावर आज चमेलीला पुन्हा फाशी झाली. काल झाली होती, उद्याही होईल. भंडाऱ्याच्या सेशन्स कोर्टाला जे महिनोन्महिने जमत नाही, ते हिरालालचं गिऱ्हाईक पानाला चुना लागेपर्यंत उरकतं.

पुरावा काय? पोळ्याच्या सुमारास तिचा नवरा बिसराम त्यांच्या गावच्या, चोरखमाऱ्याच्या तलावात मिळाला, डोक्याला खोक. मारताना पाहिलं कोणीच नाही. आदल्या दिवशी नवराबायको भांडले, ते मात्र साऱ्या गावानं ऐकलं. आणि मुख्य म्हणजे बांगड्या! प्रेत निघालं सकाळी. बाईचे हात आदल्या संध्याकाळीच भुंडे. पाण्याला आलेल्या बायांनी पाहिलं. नवरा गेल्याचं कळायच्या आधी बांगड्या उतरवते ती उगाच?

ती म्हणते, बांगडीवाल्यानं काढल्या. कोणत्या बांगडीवाल्यानं? नाव ठाऊक नाही. पोलिसांनी गोंदिया-तिरोड्याचे सगळ्या बांगडीवाल्यांना विचारलं. त्या गावाला म्हणे कोणी गेलाच नव्हता.

मी म्हणालो, "बांगड्यांना आधीच तार आली असेल." ठेला हसून आडवा! हिरालालनं पान फुकट दिलं. माझ्या विनोदाचा भाव तोच.

घरी येऊन तोच विनोद भिंतीला सांगून पाहिला. भिंतीला काही वाटलं नाही.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. शेजारी सुशिलाबाईंच्या ओसरीवर दुलीचंद बांगड्या भरत होता. त्याचा हात पाहण्यासारखा — जुन्या बांगड्या काढतो, पण एक मनगटावर ठेवतो. नव्या चढल्या की मग तीही काढतो. सवाष्णीचा हात घटकाभरही रिकामा राहू द्यायचा नाही, हा बांगडीवाल्यांचा नेम.

सुशिलाबाई म्हणाल्या, "एक राहू दे रे बाबा. नाहीतर माझी चमेली करशील!" बाया खिदळल्या. दुलीचंदच्या हातून बांगड्यांचा अख्खा तोडा खाली पडून फुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१५ जानेवारी

माझा तारेचा विनोद सरकारी वकिलानं भर कोर्टात वापरला! जज्जसाहेबही हसले म्हणे. माझं नाव अर्थातच घेतलं नाही. बाई पिंजऱ्यात खाली मान घालून होती, असं हिरालाल सांगत होता. जसा काही तिथे होता.

१७ जानेवारी, रविवार

दुपारी दुलीचंद आला. बुद्धिबळाचा पट मांडला. त्यानं हत्ती तिरका चालवला. मी म्हणालो, "दुलीचंद, हत्ती आहे तो. दारू प्यायलाय का?"

तो पटाकडेच पाहत म्हणाला, "बाबूजी, तो बांगडीवाला मीच होतो."

मग सगळं बाहेर आलं. तुटक तुटक. "पोळ्यासाठी गावोगाव फिरून राहिलो होतो. बाईचं मनगट लहान. जुन्या पिचल्या होत्या, म्हनून साऱ्याच काढलो. एक ठेवाले पायजे होती, भुललो. मंग पेटीत पाहातो तं तिच्या मापाच्या सरल्या! उद्या आनून देतो म्हनलो. उद्या तं तिचा नवराच..."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगलो असतो तं कोनती सवाष्ण मले हात देईन, बाबूजी? यानं हात रिकामा केला आन् दुसऱ्या दिवशी नवरा गेला, हेच म्हनतीन ना! पोट कायनं भरू?"

मी त्याचा हत्ती उचलून पुन्हा त्याच्या घरात ठेवला. 'कोणाला सांगू नका' असं तो म्हणाला नाही. उठून गेला.

१८ जानेवारी

माझ्या बायकोच्या, अनुसयाच्या हातात बांगड्या भरायला तो यायचा. शेवटच्याही त्यानंच भरल्या. ती अंथरुणातून हात पुढे करायची आणि तो तिला दुखू नये म्हणून फुंकर घालायचा. ती गेली. या घरात आता मनगट उरलं नाही, तरी तो येतो. दुसरं कोण येतं? माझ्या जिभेवर हसणारे पुष्कळ. दाराची कडी वाजवणारा हा एकच.

त्याचं नाव फोडलं तर तोही येणार नाही. चमेलीला मी पाहिलेलंही नाही. दुलीचंदला रोज पाहतो.

हा विचार किती हलकट आहे ते कागदावर उतरल्यावर कळलं. तरी खोडला नाही.

१९ जानेवारी

ठेल्यावर: "बाबूजी, आज काही नवं?" "काही नाही." हिरालालला वाटलं मला ताप आहे. सुंठ घ्या म्हणाला.

२० जानेवारी

दुलीचंद आला. खेळलो. सारखा माझ्या तोंडाकडे पाहत होता. घाबरलाय बिचारा! मी म्हणालो, "निश्चिंत राहा. माझ्या तोंडून शब्द जाणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. डाव अर्धा टाकून गेला. जिंकत असताना!

२१ जानेवारी

सोमवारी असेसर, म्हणजे जज्जसाहेबांशेजारी बसवलेले पंच, मत देणार, मग निकाल. मत काय असणार ते ठेल्यावर कधीच ठरलंय, माझ्या विनोदासकट.

दिवसभर पटासमोर बसलो. दोन्ही बाजूंनी मीच खेळलो आणि दोन्हीकडून हरलो.

उद्या सकाळच्या गाडीनं जातो. तिच्या वकिलाला सांगतो. पट गुंडाळून फडताळात टाकला — आता कोणाशी खेळायचंय?

२२ जानेवारी, गाडीत

स्टेशनच्या बाकावर दुलीचंद! मांडीवर पेटी.

"कुठे रे?"

"भंडाऱ्याले. साक्ष द्याले. पेटी आनलो, साहेबाले मापं दाखवतो."

"अरे, मीही त्याचसाठी—"

"आता?" माझ्याकडे असं पाहिलं! "बाबूजी, तुमच्या पोटात आजवर कोनती गोष्ट राहिली? तुमी ठेल्यावर बोलले का साऱ्या जिल्ह्यात होते. मले तोंड नव्हतं, म्हनून तं तुमाले सांगलो. आज बोलतीन, उद्या बोलतीन, म्हनून वाट पाहून राहिलो. आन् तुमी नेमके आताच मुके झाले!"

समोर बसल्या बसल्या झोपलाय. पेटी माझ्या मांडीवर आहे.