कपाटामागचा राउटर

प्रिय ठकू,

फोन सोडून पत्र कसलं लिहितेय, म्हणून आधी हसून घे. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, एवढाच माझा फायदा. मी मजेत आहे. शिवणाची गिऱ्हाइकं परत यायला लागलीत, खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या कोटाला कालच अस्तर लावून दिलं. तुझे बाबा चहात साखर जास्त घालतात आणि वर मलाच नावं ठेवतात. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

तू नोकरीत कायम झालीस हे ऐकून ऊर भरून आला. नेट कमी पडलं की व्हिडिओ कॉलचं चित्र थांबू द्यायचं नाही, आधी धूसर करायचं, नेट सुधारलं की पुन्हा स्पष्ट, हे तुझं काम मला लगेच कळलं होतं. दोरा कच्चा असला की मीही मशीन हळू मारते, बंद करत नाही. पण गेले सात महिने तू साहेबांना आपल्याच घरचं उदाहरण देत होतीस, की माझी आई मला नुसती चौकोन चौकोन दिसते. त्यापायी सुट्ट्याही कामात घालवल्यास. नवा राउटर पाठवलास. तो नीट लावला नाही म्हणून बाबांना खडसावलंस, आणि ते बिचारे मुकाट ऐकत राहिले. मी त्यांना शपथ घातली होती.

ठकू, नेट चांगलंच होतं. राउटर मीच लोखंडी कपाटामागे सरकवला होता, आणि तुझा फोन आला की मागच्या खोलीत दार लावून बसायचे. कशानं चित्र बिघडतं ते तूच शिकवलंस, चोराच्या हाती किल्ल्या दिल्यास! माझ्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मग औषधांनी केस गेले, भुवयासुद्धा. माझा पाय मोडला तेव्हा तू कॉलेजचं वर्ष घालवलंस. या वेळी कच्ची नोकरी टाकून आली असतीस. आणि खरं सांगू, तू मला बघून रडली असतीस तर माझा धीर सुटला असता.

परवा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितले आणि आता सहा महिन्यांनी या म्हणाल्या. म्हणून हे पत्र. राउटर बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणलाय. रविवारी फोन कर. केस बोटभर आलेत, पांढरे आणि चक्क कुरळे. आधी मला नीट बघून घे, मग हवं तेवढं रागाव. मी उठून आत जाणार नाही.

तुझीच लबाड,
आई