तुलनागट कुठे आहे?

१९ एप्रिल २०१६
आज मिहिरची सालटी काढली! माझाच जुना विद्यार्थी, आता सोयगावकडच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर. उष्माघाताचे रुग्ण ओल्या गोणपाटात गुंडाळतो, वर गार पाणी ओततो. अकराच्या अकरा वाचले म्हणे. या उपचारासाठी दुष्काळी केंद्रांना जादा टँकर द्यायचा का, हे आमची समिती पुराव्याला कोणती श्रेणी देते त्यावर ठरणार.

"तुलनागट कुठे आहे?" मी विचारलं. "पाणी न मिळालेल्यांचं काय झालं?"

"मॅडम, पाणी असताना कुणाला कोरडं ठेवायचं?"

म्हणजे नुसती रुग्णमालिका! पुराव्याच्या शिडीत चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग सगळ्यात वरच्या पायरीवर, ही सगळ्यात खालच्या.

आणि पठ्ठ्याने पुरावा म्हणून काय आणावं? बरा झालेला माणूस! बन्सी — शेततळ्याच्या खोदकामावरचा मजूर. टोपी हातात धरून म्हणाला, "मी तं मेलोच व्हतो बाई. या डागदरानं भिजवून उठिवलं." समितीत खसखस पिकली. मी म्हणाले, "बसा बाबा, तुमचा नमुना फार लहान आहे." तोही हसला. त्याला वाटलं, कौतुकच केलं.

२० एप्रिल
श्रेणी: अत्यंत कमकुवत. टँकर नामंजूर. सही ठोकली.

१ मे
चिकलठाण्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. बिल्डरने पोहण्याचा तलाव काठोकाठ भरून दाखवला. माझी लेक हिमानी आणि तिच्या मैत्रिणी दुपारभर डुंबल्या. पोरीला बाहेर काढता काढता नाकी नऊ आले.

मधेच मिहिरचा फोन. "मॅडम, केंद्राची विहीर आटली. जे येतं ते प्यायलाच पुरत नाय. फेरविचार करा ना."

"तुलनागट आण, मग बोल." काय रडका मुलगा!

१४ मे
ऊन नुसतं भाजतंय. मिहिरचा फोन नाही. सुटले.

२३ मे
मिहिरचा फोन. आवाज अगदी शांत.

"मॅडम, तुलनागट मिळाला. पाणी न मिळालेले सात. सहा गेले."

मी सवयीने विचारलं, "दोन्ही गटांतली माणसं सारखी होती का?"

"एक तर तोच होता, मॅडम. बन्सी. परत उन्हानं पडला. शुद्धीवर होता तोवर गोणपाट मागत होता."

एकच माणूस दोन्ही गटांत — आधी उपचार देऊन, मग न देता. या रचनेला क्रॉसओव्हर म्हणतात, श्रेणी वाढते. आणि हे मी त्याला फोनवर सांगितलं!

त्याने फोन ठेवला.

२४ मे
श्रेणी वाढली. टँकर मंजूर. बन्सीला मी मारलं. याला तुलनागट लागत नाही.