मला दिसलं नाही

आये, मी आता काय काम करते ते तुला कधी सांगताच आलं नाही. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते आणि पुढे काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. नंतर मी कोल्हापूरला जाऊन औद्योगिक सुरक्षिततेचा डिप्लोमा केला. फोंडाघाटातून वर जाणाऱ्या एसटीत उलट्या करत, आवळ्याच्या फोडी चघळत गेले, पण पूर्ण केला. आता मी काजूचे कारखाने, बर्फाचे कारखाने, देवबागला पर्यटकांना पाण्यात नेणारे बोटवाले, अशा सगळ्यांना प्रशिक्षण देते. कामावर धोका कुठे असतो, तो आधी कसा ओळखायचा, काही झालंच तर जबाबदारी कुणाची. कागदावर याला जोखीम व्यवस्थापन म्हणतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘ह्यां शिकवूक पगार गावता तुका?’ गावता गो. बरा गावता.

तुझ्याशी मी कधी असं पुस्तकी बोलले नाही. पण लिहायला बसले की हीच भाषा येते. शाळेने दिली, ऑफिसने पक्की केली. आणि खरं तर ह्या भाषेवरूनच मला तुझ्याशी बोलायचं आहे.

तो दिवस तुलाही आठवत असेल. मी आठवीत होते. संध्याकाळी तू कारखान्यातून नेहमीपेक्षा उशिरा आलीस आणि पाय न धुताच चुलीपुढे बसलीस. मावशीला भाजलं होतं. सख्खी मावशी नव्हे ती, शेजारची, तुझ्याबरोबर कामाला जाणारी; पण आम्ही तिला मावशीच म्हणायचो. काजूबी वाफेवर शिजवायचा तो मोठा कुकर, त्याचं झाकण तिने उघडलं आणि आतली वाफ उसळून तिच्या हातावर, मानेवर आली. वाफ किती उरली आहे ते दाखवणारा काटा कधीचा बंद पडलेला. तुम्ही बायकांनी शेटना दोनतीनदा सांगितलं होतं आणि ते ‘बघूया’ म्हणाले होते. हे सगळं तू मला त्याच संध्याकाळी सांगितलंस, भाकरी थापता थापता, जणू कुणा लांबच्या माणसाची गोष्ट सांगावी तसं.

दुसऱ्या दिवशी शेट आपल्याकडे आले. वाईट माणूस नव्हता तो. चतुर्थीला सगळ्यांच्या घरी नारळ पाठवायचा, बाबा गेले तेव्हा तिठ्यापर्यंत चालत आला होता. पडवीत बसला, तू दिलेला चहा प्याला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘ओरोसचे सायब येतले. तिना घाईत झाकण उघडल्यान, इतक्यांच सांगायचां. नायतर म्हणायचां, माका दिसूक नाय. कारखानो बंद पडलो तर तुम्ही सगळ्यांनी जावचां खंय?’ तू खांबाला टेकून उभी होतीस. मान हलवलीस की नाही, मला कळलं नाही.

आणि रात्री जेवणं झाल्यावर तू मला जवळ बोलावलंस. ‘गो, तुमच्या शाळेत कसां बोलतत? माका दिसूक नाय, ह्यां कसां म्हणतत?’ मला वाटलं, तुला शिकायची हौस आली. मी ताठ बसून सांगितलं: मला दिसलं नाही. तू म्हणालीस, ‘माला दिसला नाय.’ मी हसले. परत म्हणून दाखवलं. तू परत म्हणालीस. मग मीच उत्साहाने पुढचं वाक्यही जोडून दिलं, ‘मी पाठमोरी होते,’ आणि तू ते दोन-चारदा पुटपुटलीस, पोथी पाठ करावी तशी. धाकटा भाऊ झोपेतून उठून तुझ्याकडे बघत बसला होता. ओरोसहून चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांपुढे तू ती दोन्ही वाक्यं नीट म्हणालीस. कारखाना चालू राहिला. घाई केली म्हणून चूक मावशीचीच ठरली आणि तिला नुकसानभरपाई काही मिळाली नाही. चार दिवसांनी मी शाळेतून काहीबाही ऐकून आले आणि विचारलं, ‘आये, तू खरां सांगितलंस मा?’ तू माझ्या ताटात आमटी वाढलीस आणि म्हणालीस, ‘जेव.’

त्या एका शब्दापुढे मी कधी गेले नाही. तूही गेली नाहीस. पुढे महिनाभर तू कामावरून आलीस की आधी मावशीकडे जायचीस, तिला न्हाऊ घालायचीस, तिची वेणी घालायचीस, तिच्या पोरांची पेज करून मग आपल्या चुलीशी यायचीस. मला वाटायचं, मैत्रीण आहे म्हणून.

ह्या वर्षी घाटाखालच्या एका गावात असंच घडलं. तिथे एका तरुणाने वडिलांच्या काजूच्या बागेतच छोटा कारखाना काढला आहे. हंगामाच्या तोंडावर मी त्याच्याकडच्या बायकांना प्रशिक्षण दिलं होतं. कुकरपाशी उभं करून एकेकीला काटा वाचायला लावला होता. काटा पूर्ण खाली आल्याशिवाय झाकणाला हात नाही. त्यानंतर एक नवी मुलगी कामाला लागली, आणि ऐन गर्दीत तिला कुणीतरी कुकरकडे पाठवलं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

त्या तरुणाचा मला फोन आला. ‘मॅडम, तुम्ही फक्त इतक्यांच सांगा, तां चेडू त्या दिवशी ट्रेनिंगाक होता. मगे माझ्यावर येवचा नाय. कारखानो बंद पडलो तर ह्या बायकांनी जावचां खंय?’

आये, तेच वाक्य. मधे इतकी वर्षं गेली आणि वाक्य जसंच्या तसं. हा मुलगा तर त्या शेटना ओळखतही नाही. मी नाही म्हटलं. म्हटलं, ती त्या दिवशी नव्हती; ती होती असं मी सांगणार नाही. तो चिडला. तुमच्यासारख्यांना काय जातं, पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो, म्हणाला. ते खरंच होतं. मी स्कूटर काढली आणि त्याच्याकडे गेले.

तो कुकरच्या समोर पायरीवर बसला होता. काम बंद. बायका आंब्याखाली घोळका करून उभ्या, कुणी घरी जायला तयार नाही. मी त्याच्याशेजारी बसले. त्याला सांगितलं, ‘खोटं बोलून आज सुटाल. पण उद्या ह्याच बायका तुमच्यासमोर कुकर उघडतील, तेव्हा तुम्हाला झोप येईल का? खरं सांगा. काय काय भरावं लागेल, काय करावं लागेल, ते मी तुमच्याबरोबर बसून बघते. साहेब येतील तेव्हा मी तुमच्या बाजूला बसेन.’ त्याने कुकरकडे बघितलं. मग म्हणाला, ‘बाजूक म्हणजे? माझ्या बाजूक की तिच्या?’ मी म्हटलं, ‘दोघांच्या. माझं कामच ते आहे.’ हसला नाही, पण उठला, आणि आधी गाडी काढून त्या मुलीला बघायला दवाखान्यात गेला.

चौकशीला ओरोसहून साहेब आले तेव्हा मुलगी हाताला पट्टी बांधून आली होती. सोबत तिची आई. मी मुलीला आदल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती मी आता प्रत्येक प्रशिक्षणात सांगते: जे झालं ते आपल्या भाषेत सांगायचं. शुद्ध बोलायच्या भानगडीत पडायचं नाही. साहेबाला मालवणी कळते, नाही कळली तर परत विचारेल. ती खुर्चीच्या टोकाशी बसली आणि म्हणाली, ‘माका कोणी सांगूक नाय. काट्याकडे बघूचा असता ह्यां माका म्हायतच नव्हतां.’ साहेबांनी मालकाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा फिरणार. तो म्हणाला, ‘होय सायब. तिका शिकवूक नाय. सीझन होतो, घाई होती. चूक माझी आसा.’

मला तेव्हा तू दिसलीस. खांबाला टेकून उभी असलेली नव्हे. त्या खुर्चीवर, त्या मुलीच्या जागी, आणि तुझ्या बाजूला कुणीतरी बसलेलं.

कारखाना काही आठवडे बंद राहिला. मुलीचा दवाखाना आणि बसून राहिलेल्या दिवसांची मजुरी मालकाने दिली. आता तिथल्या कुकरला अशी कडी बसवली आहे की आत वाफ असेपर्यंत झाकण उघडतच नाही. नवीन बाई आली की पहिला दिवस फक्त शिकायचं, पगार तरीही पूर्ण. सगळ्या बायका परत आल्या. ती मुलगीसुद्धा चतुर्थीनंतर आली. हातावर डाग राहिलाय, पण बोटं सगळी चालतात. परवाच्या प्रशिक्षणात मी बोलायला उभी राहिले तर ती म्हणाली, ‘बाय, कुकराचां मी सांगतंय.’ आणि माझ्याहून बरं सांगितलंन. मालक महिनाभर माझ्याशी तुटक वागला. आता दुसऱ्या कारखानदारांना माझा नंबर तोच देतो.

ह्या सगळ्यानंतर मी मावशीकडे गेले. ती अजून आहे, गुडघे धरलेत, पण जीभ शाबूत. मी तिला ह्या मुलीची हकीकत सांगितली आणि मनाशी ठरवून गेले होते त्याप्रमाणे म्हटलं, ‘मावशे, तेव्हा आयेनं तुझ्यासाठी तोंड उघडायला हवं होतं.’ ती सुपातले तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘गो बाय, तुझ्या आवशीक मीच गप रवाक सांगितलंय.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

‘ती खरां सांगूक निघालली. शेट गेले तशी माझ्याकडे इली, म्हणाली, मी सांगतलंय. मी म्हटलंय, माझो हात तर गेलो, आता तुझा काम कित्याक घालवतंस? तुझो घोव नाय, दोन पोरां. तू कामावर रवलंस तर माका कोणतरी बघतला. ती रडली. पण तिका ता कधीच पटला नाय. मरापर्यंत माका म्हणत रवली, मी बोलाक होयां होतां.’ मग सूप बाजूला ठेवून तिने मला विचारलं, ‘तुका सांगूक नाय तिना?’

नाही गो, तू सांगितलं नाहीस. तू फक्त जेव म्हणालीस. कदाचित तेच तुला सांगता येत होतं. मावशीने गप्प राहायला सांगितल्याचं ओझं माझ्यावर टाकायचं नव्हतं आणि स्वतःचं हलकंही करायचं नव्हतं. घरी येताना मी वाटेत स्कूटर थांबवून थोडा वेळ नुसती उभी राहिले. रडू आलं असं नाही. बरंच मोकळं वाटलं. तुला परत विचारायचं राहून गेलेलं, त्याचं उत्तर दुसरीकडे का होईना, कुणीतरी सांभाळून ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मावशी माझ्याबरोबर येणार आहे, बायकांसमोर बोलायला. मी म्हटलं नाही, तिनेच म्हटलं. जाताना गाडीतून न्यायचं आणि वडापाव द्यायचा, अशी अट आहे. तुझं नाव घेतलेलं चालेल ना, असंही तिने विचारलं. मी तुझ्या वतीने हो म्हटलंय.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, भावालासुद्धा नाही. कारण एक गोष्ट मी सगळ्यांना थोडी वेगळी सांगितली आहे, वरती तुलाही तशीच सांगितली. मी सांगते की त्या तरुणाचा फोन आला आणि मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. तसं झालं नव्हतं, आये. त्याने विचारलं तेव्हा मला त्या कारखान्यातल्या बायका दिसल्या, माझं पुढचं काम दिसलं, आणि मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. नाही म्हणायला मला दुसरा फोन करावा लागला.