भाच्याचं तिसरं मागणं

९ सप्टेंबर

झोमार्त आला! ना फोन, ना निरोप. दार उघडलं तर भाचा उभा — एका हातात खारवलेल्या घोड्याच्या मांसाची पिशवी, दुसऱ्या हातात खरबूज. माझ्या बायकोने, बातिमाने त्याला पोटाशी धरलं. मीही हसलो. हसण्याशिवाय करणार काय?

या गृहस्थाचं माझ्याकडे एक मागणं शिल्लक आहे. बहिणीच्या मुलाने मामाकडे आयुष्यात तीनदा हवं ते मागायचं आणि मामाने मुकाट्याने द्यायचं — ही आमच्या वाडवडिलांची अक्कल. नाही म्हणणाऱ्या मामाचे हात पुढे जन्मभर थरथरतात म्हणे. पहिल्यांदा याने माझं करडं शिंगरू नेलं. शर्यतीचं होतं! दुसऱ्यांदा लेनिनग्राडहून आणलेला चामडी कोट. तिसरं मागणं त्याने इतकी वर्षं जपून ठेवलं आणि आता बाहेर काढलंय. का, ते सांगायला ज्योतिषी नको. तालुक्याच्या गावी याचा सहाशे खुर्च्यांचा मेजवानीचा हॉल आहे. आणि माझं विधेयक पुढच्या महिन्यात सेनेटपुढे येतंय — कुठल्याही जेवणावळीला शंभरावर पाहुणे बोलवायचे नाहीत!

१० सप्टेंबर

सुटकेची एक फट आहे. असलं मागणं फोनवर करत नाहीत, रस्त्यात करत नाहीत. मामासोबत एका दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीभोवती बसून, दोन घास खाऊन मगच करायचं, अशी आमच्या घरची रीत. म्हणजे मी त्याच्यासोबत जेवलोच नाही तर?

सकाळी चहाही न घेता सटकलो.

१२ सप्टेंबर

बातिमा चिडली आहे. पाहुणा घरात आणि घरधनी कॅन्टीनमध्ये सूप पितो, हे शेजाऱ्यांना कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही म्हणाली. मी म्हटलं, त्याला काय हवंय ते मला ठाऊक आहे. तर म्हणते, "मलाही ठाऊक आहे. पण मी नाही सांगणार. त्याचं त्याला मागू दे. तुम्ही एकदा जेवायला बसा फक्त."

म्हणजे तिलाही फितवलंय.

हे विधेयक मी का आणलं, ते त्या दोघांना काय कळणार! सेनेटमध्ये आलो त्याला पाच वर्षं होत आली. इतक्या वर्षांत माझं सभागृहातलं योगदान काय? कामकाजाचे खंड चाळले. बहुतेक ठिकाणी एकच वाक्य — "माझा पाठिंबा आहे." एके ठिकाणी लघुलेखकाने माझा खोकलाही नोंदवलाय. निवृत्त व्हायच्या आधी एक तरी कायदा माझा म्हणून राहावा, एवढीच इच्छा आहे. आणि जेवणावळींचं खूळ मी कमी सोसलेलं नाही. याच झोमार्तच्या सुंतेच्या जेवणात वडिलांचं मनगटी घड्याळ हरवलं माझं. दोन दिवस गवत उपसत होतो.

१६ सप्टेंबर

आज संकट थेट कामाच्या ठिकाणी. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरलो तर प्रवेशदालनात झोमार्त! मांडीवर डबा, डब्याभोवती टॉवेल. पहारेकरी त्याच्याकडून बाऊरसाक, तळलेले पिठाचे गोळे, घेऊन खातायत, गप्पा रंगल्यात. बाहेर जायची वाट तीच. उलट्या पावली वर.

माझी मदतनीस मेरुएर्त म्हणाली, सभागृह चालू असेपर्यंत बाहेरच्या कुणाला आत सोडत नाहीत. हुशार मुलगी.

म्हणजे सभागृह चालू राहिलं पाहिजे.

१७ सप्टेंबर

बोललो! नोटरींच्या शुल्काच्या विधेयकावर. सुट्टी व्हायची वेळ झाली होती, अध्यक्ष कागद आवरत होते, आणि मी हात वर केला. सभागृहात अशी शांतता पसरली, जणू खुर्चीच बोलली. नोटरींबद्दल मला काडीची माहिती नाही. आजोबांच्या काळापासून सुरुवात केली — तेव्हा शब्दाला किंमत होती, वगैरे. सुट्टी हुकली. राब्या अखमेतोव्हना माझ्या शेजारच्या बाकावर बसतात. आधी न्यायाधीश होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की शिक्षा सुनावतात की काय असं वाटलं.

खाली गेलो तेव्हा झोमार्त डबा घेऊन निघून गेला होता. विजय!

२३ सप्टेंबर

भटक्या कुत्र्यांवर बोललो. दत्तक मुलांवर बोललो. फिरत्या वाचनालयांवर बोललो आणि मध्येच खरोखर रंगात आलो, कारण लहानपणी आमच्या गावात असं वाचनालय ट्रकमधून यायचं. एक दुरुस्तीसुद्धा सुचवली. ती मंजूर झाली! घाबरून बोललेल्या माणसाचीही दुरुस्ती मंजूर होते, हे मला ठाऊक नव्हतं.

फक्त कुत्र्यांच्या मतदानात हात थोडा थरथरला. चुकून 'विरोध' दाबलं गेलं. कॉफीमुळे असेल.

२४ सप्टेंबर

कॉफी बंद केली. हात तसाच.

३० सप्टेंबर

वर्तमानपत्रात माझा फोटो! 'सेनेटला सापडला नवा वक्ता.' कायदा आणि समाजकल्याणाच्या चर्चांत या महिन्यात सर्वाधिक योगदान म्हणे माझं. बातिमाने ते पान कापून फ्रिजवर लावलं आणि खाली लिहून ठेवलं, "वक्त्याचं जेवण आत आहे. गरम करायचं असेल तर भाच्याला हाक मारा." उपाशी झोपलो.

झोमार्त मोठा गोड बोलतो. रेडिओवर आपा — त्याची आई, माझी थोरली बहीण — माझी भाषणं ऐकते म्हणाला, शेजारणींनाही बोलावून ऐकवते. तेवढं ऐकून मी दार लावून घेतलं. बोलता बोलता हा खिशातून सुका मेवा काढेल आणि माझ्या तोंडात घालेल, याचा काय भरवसा?

आपाच्या नावाने मात्र जीव कुठेतरी अडकला. आई गेली तेव्हा मी दातही न आलेलं पोर. ओरिन्शा आपानेच वाढवलं. पाण्याला जायची तर मला पाठीला बांधून. माझ्यापायी तिचं लग्न उशिरा झालं, तेही गुपचूप, चार माणसांत. या उन्हाळ्यात जायचंच होतं गावी. गेल्या उन्हाळ्यातही जायचं होतं.

७ ऑक्टोबर

आज कळस झाला! वृद्धांच्या देखभालीचं विधेयक होतं. झोमार्त या वेळी चक्क प्रेक्षकांच्या सज्जात. पास कुणी दिला? पहारेकऱ्यांनी. त्याच्या डब्यावर पोसलेत सगळे!

खाली उतरलो असतो तर सापडलो असतो, म्हणून बोलत राहिलो. म्हाताऱ्या माणसाला औषधापेक्षा आपलं माणूस दिसणं महत्त्वाचं. राजधानीत येऊन मोठे झालेले आपण ज्यांच्या पाठीवर बसून वाढलो, त्यांना वर्षातून एकदाही तोंड दाखवत नाही. अशांना वर्षातून एक आठवडा सक्तीची रजा देऊन गावी पाठवावं, अशी माझी सूचना! टाळ्या पडल्या. दोन सेनेटर डोळे पुसत होते. सज्जात झोमार्त सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. पहारेकऱ्यांनी नको म्हणून सांगितलं तरी वाजवत होता.

राब्या अखमेतोव्हना म्हणाल्या, "छान बोललात. तुम्ही कधी गेला होतात?"

मी म्हटलं, तो मुद्दा चर्चेचा नाही.

१० ऑक्टोबर

पहिला बर्फ. माझं विधेयक गुरुवारी, सोळा तारखेला. सहा दिवस तोंड चुकवलं की झालं! मग काय मागायचं ते माग बाबा, हॉल तुझा, खुर्च्या तुझ्या, पण कायदा तोवर पास झालेला असेल.

१४ ऑक्टोबर

सापडलो.

राब्या अखमेतोव्हनांनी जेवायला बोलावलं, कॅन्टीनमध्ये, विधेयकाच्या कलमांवर बोलू म्हणून. मला चांगलीच भूक होती. बसलो, समोर ठेवलेल्या ताटातला मांसाचा तुकडा तोंडात टाकला. ही चव! खारवलेलं, घरचं, लसूण जरा जास्त. आपाच्याच हातचं. मान वर केली तर खांबाआडून झोमार्त येतोय. तो आला, बसला, माझ्याच ताटातला एक घास उचलून खाल्ला.

बाईंनी रुमालाने ओठ टिपले. "माफ करा. पण तुमच्यामुळे महिनाभर आम्हाला वेळेवर जेवण नाही. मलाही मामा होते. मी साक्षीदार."

झोमार्तने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. अठ्ठेचाळीस वर्षांचा, ऐसपैस पोटाचा माणूस, पण शिंगरू मागताना बसला होता तसाच बसला.

"मामा, तिसरं मागतो."

"माग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मनात विधेयकाला मूठमाती दिली.

"आईला गुरुवारी ऐंशी पुरी होतायत. शुक्रवारी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, दिसेल किंवा नाही दिसणार. त्याआधी तिला तुम्हाला बघायचंय. तुम्ही घरी चला."

मी वाट पाहिली. पुढे काही नाही.

"आणि हॉल?"

"कसला हॉल?"

"माझं विधेयक! शंभर पाहुणे!"

"ते करा की पास, मामा. सहाशे माणसांची भांडी घासून घासून वैतागलोय मी. आई तर तुमचं ऐकून चाळीसच माणसं बोलावतेय."

मला हसू फुटलं. इतकं, की घास घशात अडकला आणि बाईंनी पाठीत थापटलं. विधेयक वाचलं! — आणि मग गुरुवार आठवला. गुरुवार म्हणजे सोळा तारीख.

झोमार्तने मान खाली घातली. म्हणाला, "सप्टेंबरात याचसाठी आलो होतो. तुमच्या सोयीने जेवणाचा दिवस ठरवू म्हटलं होतं. ऑपरेशन मागेपुढे करता आलं असतं तेव्हा. आता नाही होत."

पाच वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते भाषण. बॅगेत तीन प्रती आहेत त्याच्या. मग राब्या अखमेतोव्हनांनी हात पुढे केला. "आणा इकडे कागद. मी मांडते. बघू काय होतं ते."

कागद देताना हात थरथरला नाही. तेवढं मात्र खरं.

१६ ऑक्टोबर

घरी. स्टेपीच्या गवताळ माळावरचा रस्ता, वर बर्फाचा पातळ थर, आणि दारात आपा. मला बघायला थेट नाकाजवळ आली. गाल चाचपले, कान ओढला. "सेइत, रेडिओवर तू जाड वाटायचास," म्हणाली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. वक्ता, वर्तमानपत्रात फोटो आलेला, पोराटोरांसमोर हमसून हमसून रडलो.

चाळीस माणसांना बोलावणं होतं. तालुका लोटला. माझा कायदा होण्याआधी एकदा पोटभर जेवून घेऊ म्हणत आले सगळे! झोमार्तच्या हॉलात उभं राहायला जागा नाही. मानाचं म्हणून मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलं. त्याचा कान कापून मी आपाच्या सर्वांत लहान पणतीला दिला. आपाचं लग्न चार माणसांत झालं होतं. आज ती तरातरा चालत प्रत्येक टेबलाशी जात होती, प्रत्येकाचं तोंड जवळून बघून घेत होती. त्या गर्दीतला एकही माणूस कमी करावा असं मला वाटलं नाही. हे राब्या अखमेतोव्हनांना सांगणार नाही.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. विधेयक मंजूर. चर्चा झालीच नाही. तुम्ही नसल्यामुळे सगळं भराभर आटोपलं, जेवणही वेळेवर मिळालं.

१७ ऑक्टोबर

आपाला इस्पितळात न्यायची तयारी. तिला सकाळपासून चहा नाही, म्हणून सगळ्यांवर खेकसतेय. झोमार्त माझ्या वाडग्यात चहा ओतत होता. बाही मागे सरकली. मनगटावर वडिलांचं घड्याळ!

"हे हरवलं होतं!" मी ओरडलो.

"हरवलं कुठे?" आपा म्हणाली. "सुंतेच्या दिवशी त्याने मागितलं, तूच बांधलंस त्याच्या हाताला. घोडीच्या दुधाचा कुमीस जास्त चढला होता तुला."

घड्याळ. शिंगरू. कोट. मी बोटं मोजली, परत मोजली. म्हणजे याची तिन्ही मागणी केव्हाच संपली होती. मी झोमार्तला विचारलं, मग कॅन्टीनमध्ये कुठल्या हक्काने मागितलंस?

"हक्क नव्हताच, मामा," तो म्हणाला. "पण नुसतं 'या' म्हटलं असतं, तर आला असतात?"

चहा प्यालो, आणि आपाला गाडीपर्यंत पाठीवर नेलं.