सरबत घे म्हणालात, त्याचा जाब

रविवार, पंधरा डिसेंबर १९७४, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. बाबा, त्या मिनिटाला तुम्ही केळव्याच्या आपल्या पडवीत, पाहुण्यादेखत, माझ्या पुढ्यातला वाइनचा भरलेला ग्लास उचललात आणि काकांपुढे ठेवलात. मला म्हणालात, "तू सरबत घे." मी चौतीस वर्षांची होते. बोईसरच्या कारखान्यात माझी सही झाल्याशिवाय मालाचा ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. आणि घरी मला कोकम सरबत!

बरं, पाहुणा माझाच होता. कारखान्यात इटलीहून नवं यंत्र आलं होतं आणि ते बसवायला तिकडचा एक फिटर आला होता. जाडजूड, हसरा, कँटीनच्या डाळीने गांजलेला. त्याचं इंग्रजी इतकं मोडकं की ते शेवटपर्यंत ऐकून घेण्याची चिकाटी फक्त माझ्यात. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी एवढं एक शिकवलं होतं, समोरचा बोलत असताना तोंड मिटून बसायचं. त्यामुळे त्याची सगळी गाऱ्हाणी माझ्या टेबलावर यायची. शेवटी मी म्हटलं, रविवारी आमच्याकडे जेवायला चल. तो आला तो वाइनची बाटली घेऊनच. त्याच्या मामाच्या मळ्यातली होती, ट्रंकेत लोकरीच्या बनियनमध्ये गुंडाळून सात समुद्र पार करून आणलेली. आईने मागच्या अंगणात उकडहंडी लावली होती. वालाच्या शेंगा, कंद, वांगी असं सगळं मडक्यात भरून, मडकं उपडं करून भोवती जाळ. त्या वासानेच गडी निम्मा घायाळ झाला होता. शेजारून काचेचे ग्लास मागून आणले होते, कारण आपल्याकडे सगळा स्टीलचा कारभार.

मला अजून तुम्ही दिसता. बाटली हातात धरून, माडाच्या झावळ्यांतून येणाऱ्या उन्हात तिरकी करून बघताय. ताडीचं मडकंही तुम्ही असंच आधी बघायचात, मग कान लावून फसफस ऐकायचात, मग हुंगायचात. पहाटे झाडावरून उतरवलेली ताडी दुपारच्या आत संपवायची, नंतरची नासली, हा तुमचा कायदा. गावात कुठल्या झाडाची चांगली, हे लोक तुम्हाला विचारायला यायचे.

"इचार त्याला, ही कवाची हाय?"

मी विचारलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "सहा वर्षांची."

काका पाटावरून अर्धे उठले. "सहा वर्सं? अरे, आपली सकालची दुपारला टिकत नाय!"

"हळू बोल. पावण्याचं मन मोडायचं नाय. आपुन दोघं घोट घोट घेऊ."

"घोट तू घे. माझी पोरं लहान हायत."

पाहुण्याने मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, तुमच्या वाइनच्या वयाचं कौतुक चाललंय. त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांच्याकडे पहिला ग्लास बाईला, म्हणून त्याने पहिला माझाच भरला, अगदी काठोकाठ. आणि तो तुम्ही उचललात. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. तुमची अब्रू राखायला मी इंग्रजीतून खोटं बोलले, बाबा, आणि वर आंबट सरबत प्यायले. काकांनी माझा ग्लास औषधासारखा, डोळे मिटून संपवला.

हे सगळं मी कधीच सोडून दिलं असतं. पण यंदा निवृत्त झाले आणि निवृत्त मंडळींच्या एका सहलीबरोबर इटलीला जाऊन आले. होय, तुमची मुलगी! आमच्यातले निम्मे लोक लोणच्याच्या बरणीभोवती बसून परदेश बघत होते. मी मात्र ठरवून सगळं खाल्लं, सगळं प्यायले. फ्लॉरेन्सपासून तासाभरावर एका द्राक्षमळ्यात जेवण होतं. दुपारचं जेवण संध्याकाळ होईपर्यंत चालतं, बाबा, आणि कोणी घड्याळ बघत नाही. एक प्रकार, मग गप्पा, मग दुसरा प्रकार, मग भांडण, मग पुन्हा गप्पा. शेवटी बदामाची कडक बिस्किटं येतात, ती गोड वाइनमध्ये बुडवून खायची, तुम्ही चहात बेकरीतलं कडक बटर बुडवायचात तशी, तितकाच आवाज करत. मळ्याचा म्हातारा मालक ग्लास उजेडात तिरका धरून बघायचा, हुंगायचा, आणि मुलाला सुनावायचा की यंदा तू घाई केलीस. मी हसत होते. बाजूच्या बाई म्हणाल्या, तुम्हाला चढली. म्हटलं, चढू दे.

तेवढ्यात त्याची सातेक वर्षांची नात आली. म्हाताऱ्याने तिच्या पाण्याच्या ग्लासात आपल्या ग्लासातली थोडी वाइन ओतली, पाणी गुलाबी होईल इतकीच, आणि दिली तिच्या हातात. कोणी वर मानसुद्धा केली नाही. तिथली रीतच ती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला! सात वर्षांच्या पोरीला मिळते आणि चौतीस वर्षांच्या ऑफिसरणीला सरबत?

म्हणून हा जाब. प्रश्न एकच आहे. ग्लास उचललात तो मी मुलगी म्हणून, की वाइन नासलेली आहे असं खरोखरच वाटलं म्हणून? दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. मुलगी म्हणून, असं म्हणायला काकांना दिलात हे पुरेसं आहे. पण पाहुण्याची जीप वळणाआड गेल्यावर तुम्ही दोघं भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मूठमूठ ओवा चावत होतात, तेही मी पाहिलंय. आई म्हणाली होती, "एवढी भीती होती तर प्यालात कशाला?" तुम्ही म्हणालात, "पोरीचा पावणा होता." तेव्हा मी रागात होते, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हल्ली मात्र ते वाक्य उठताबसता आठवतं.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, तेवढं मला कळतं. बोईसरजवळच्या सरावलीत, माझ्या या घरात, खिडकीपाशी बसून लिहितेय आणि इथेच ठेवणार आहे. तरीपण उत्तर लेखी पाहिजे. स्वप्नात येऊन तोंडी सारवासारव चालणार नाही, आणि आईच्या तोंडून निरोप तर मुळीच नको. मुदत येत्या रविवारी दुपारी एक वाजेपर्यंत. तोवर काही आलं नाही, तर वाइन नासली म्हणूनच उचललात, असं मी कायमचं धरून चालेन. खरं सांगायचं तर उत्तर न आलेलंच मला बरं.