स्त्रीबीजाचा एक दिवस आणि धर्मेशची हळद

ती. सौ. जिज्ञासाताईस, धाकट्या मनालीचा अंबरनाथहून नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता वाकतो का? इथे सगळे ठणठणीत, मीच तेवढी वैतागलेली. तू म्हणशील, हिला पत्राचं खूळ कुठून आलं? अगं, फोनवर बोलले तर सासूबाई पलीकडच्या खोलीतून उत्तरं देतात. तुझ्याकडे चामटोलीला यावं तर त्या आधी पिशवी भरून दारात उभ्या.

लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलेना, म्हणून कल्पेश आणि मी उल्हासनगरला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मोतीबाई (सासूबाई गं, दुसऱ्या कोण!) थेट आतपर्यंत आल्या. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं, की बाईचं बीज महिन्यातून एकदा सुटतं आणि नळीत जेमतेम एक दिवस तग धरतं. पुरुषाचे शुक्राणू निघतात कोट्यवधी, बीजापर्यंत पोचतात शे-दोनशे, त्यातला एक आत घुसला की बीज दार लावून घेतं. मग तो गर्भ हळूहळू खाली सरकत पाच-सहा दिवसांनी पिशवीत रुजतो. मी लाजेने पंख्याकडे बघत होते. मोतीबाई म्हणाल्या, "आपले बाप्ये तसंच गो! हलदीतून निघतान शंभर, घरा धड पोचतो येक." डॉक्टरीणबाईंना ठसकाच लागला.

त्या सगळ्यातून आमच्या घरी काय आलं? तर 'एक दिवस'. सोनोग्राफीवरून तो दिवस कळल्याबरोबर मोतीबाईंनी कल्पेशला आठवडाभर बाहेरच्या खोलीत झोपवलं (ताकद साठायला म्हणे! वर रोज उकडलेली अंडी आणि सुकट). आणि नेमकी त्या ठरल्या दिवशीच संध्याकाळी मागच्या आळीत हळद. हा बाबा हळद सोडतोय होय! तोंड दाखवून येतो म्हणून गेला, तो बँजोपुढे नाचतच राहिला. फोन उचलेना. मी रडकुंडीला आले. मोतीबाईंनी पदर खोचला, मांडवात गेल्या आणि गाणाऱ्याच्या हातातला माइक ओढला: "कल्पेस, बाला, जिथं आसशील तिथून घरा ये! डाक्टरनीनी आजचाच दिस सांगितलाय!"

अख्खा मांडव खो-खो हसला, हळद लावलेला नवरदेवसुद्धा. कल्पेश आला, पण त्याला पोचवायला बँजोवालेही आले. दाराबाहेर बँजो, आत आम्ही दोघं. पाच मिनिटांत तो घोरायला लागला. आधी मला हसू आलं, मग मात्र भिंतीकडे तोंड करून खूप रडले गं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला फैलावर घेतलं. शुक्राणू आत चार-पाच दिवस जगतात, ते आधीपासून बीजाची वाट बघत बसलेले बरे, मग नवऱ्याला बाहेर कसले झोपवता? या महिन्यात कल्पेशची गादी आत आली. मोतीबाई तेव्हापासून डॉक्टरीणबाईंवर फुगून आहेत. मला मात्र आता कशाचीच आशा वाटत नाही.

घरच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, चिल्ल्यापिल्ल्यांना धपाटे.

तुझीच,
मनाली

ता. क. कामाचं राहिलंच. तुझ्या दिराची, धर्मेशची हळद पुढच्या महिन्यात माझ्या नेमक्या त्याच दिवसांत येते. काहीही कर, पण तारीख बदल. नाहीतर कल्पेशला बोलावूच नकोस. तो जन्मभर बोलणार नाही, ठाऊक आहे, पण ताई, मला बाळ हवंय.

पुन्हा ता. क. पत्र उशीखालीच राहून गेलं. तारीख बदलू नकोस! पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा आल्या, मी बाथरूममध्येच बसून रडले. हळदीला आम्ही सगळे येतोय, कल्पेशला नाचू दे पोटभर. मोतीबाईंना अजून सांगितलेलं नाही. तेवढा माइक त्यांच्यापासून लांब ठेव.