मुलगी बघायला आणि मोटार दुरुस्तीला

तीर्थस्वरूप आत्यास, भाचीचा लांबूनच नमस्कार (हात ग्रीसने बरबटलेत, कागदावरच्या डागांकडे कानाडोळा कर). तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे आई ठीक. बाबांची तब्येत मात्र माझं लग्न ठरेपर्यंत सुधारणार नाही, असं ते स्वतःच सांगत फिरतात.

विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याच्या कोर्सच्या पहिल्या वर्षात मी वर्गात पहिली आले, हे तुला कळलंच असेल. तेव्हापासून बाबांनी स्थळांचा धडाकाच लावलाय. पूर्वी म्हणे मुलीला चालून दाखवायला लावायचे (तुला तर गायला लावलं होतं, आणि तरीही लग्न जमलं!). आता काळ बदललाय. पहिली मंडळी मिक्सर घेऊन आली. 'शिकलेली आहे म्हणतात, बघू तरी,' म्हणत मुलाच्या आईने तो माझ्यापुढे ठेवला. मी खोलला, मोटारीतले झिजलेले कार्बन ब्रश बदलले, चालू करून दिला. 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. दुसऱ्यांनी टेबलफॅन आणला. तिसऱ्यांनी तर जीपमधून विहिरीवरची मोटार उतरवली आणि मुलाला आणायचंच विसरले. 'तो काय, कधीही बघता येईल,' त्याचे काका म्हणाले. मोटार उतरवायला बाबांनीच हात लावला. ती सुरू झाल्यावर, आता होकार आलाच म्हणून समज, असं मला म्हणाले. अगं, मोटार सुरू झाल्यावर कशाला येतोय होकार?

दुसऱ्या वर्षाचे प्रवेश गुरुवारी बंद होतात. अर्जावर वडिलांची सही लागते, आणि बाबांचं एकच पालुपद: आधी लग्न, पुढचं सासरचे बघतील. सासरचे कसले बघतात, ते मी तीनदा बघितलं. जळलेल्या मोटारीची तार नव्याने भरायला दुसऱ्याच वर्षी शिकवतात, आणि मला ती शिकायचीच आहे. सही झाल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, हे बाबांना तोंडावर सांगितलंय.

तुझी,
मिस्त्रीण (गावाने ठेवलेलं नाव, मला आवडतं)

ता. क. थोरल्या बहिणीपुढे बाबांचा आवाज फुटत नाही. बुधवारपर्यंत ये. गुडघा दुखत असला तरी ये.

आणखी एक. परवा चौथं स्थळ येऊन गेलं. मुलगा रिकाम्या हातांनी आला, म्हणून बाबांनी त्याला मनातून बादच केलंय. निघताना त्याने मला हळूच विचारलं, 'तुमचं शिकून कधी होणार?' मी म्हटलं, एक वर्ष. 'थांबतो,' म्हणाला. मला आवडलाय गं. पण सही होईपर्यंत बाबांना यातलं चकार अक्षर सांगू नकोस, नाहीतर ते या रविवारीच अक्षता टाकतील.